पाकिटावरचे चित्र आणि भीतीचे माप

इलेक्ट्रॉनिक सिटीतील आमच्या कचेरीसमोर चहाची एक टपरी आहे. दुपारी आम्ही चार मराठी मंडळी तेथे जमतो. आमच्यातील एक स्नेही सिगारेटचे पाकीट बाकावर ठेवतात आणि त्यावर न चुकता रुमाल टाकतात. ते सांगतात की, पूर्वी पाकीट पालथे घातले म्हणजे भागत असे. आता दोन्ही अंगांस रोगाचे चित्र असते. या रुमालास इतिहास आहे.

१९७५ च्या कायद्याने पाकिटावर धोक्याची सूचना आली, ती केवळ अक्षरांची आणि फक्त सिगारेटपुरती. विडी व तंबाखूची पुडी, म्हणजे गरिबांची व्यसने, त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. ही उणीव २००३ च्या कायद्याने भरून काढली आणि ३१ मे २००९ पासून चित्रे प्रत्यक्ष छापली जाऊ लागली. सिगारेट-विडीवर फुप्फुसे, तर खाण्याच्या तंबाखूवर चक्क विंचू! विंचू पाहून कर्करोग कोणास आठवावा? पुढे विंचू गेला आणि त्याच्या जागी मुखाच्या कर्करोगाची चित्रे आली.

या चित्रांनी माणसाच्या मनात काय होते, हे मोजावयाचे कसे? शासनाच्या तंबाखूविषयक पाहणीत याकरिता एक साधा प्रश्न होता : सूचना पाहून सोडण्याचा विचार मनात आला काय? २००९-१० साली सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांनी होकार दिला. २०१६-१७ साली ६१.९ टक्क्यांनी. विडी ओढणाऱ्यांत हेच प्रमाण २९.३ वरून ५३.८ वर गेले. मधल्या काळात, १ एप्रिल २०१६ पासून, चित्राने पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला होता. तो नियम याच बंगळूर शहरी, कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द ठरविला. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

आकडे मोठे आहेत. परंतु विचार मनात येणे निराळे आणि पाऊल उचलणे निराळे. शिवाय मनाचे सर्वच व्यापार पाहणीच्या तक्त्यात मावत नाहीत. भुसावळचा मुकेश हराणे २००९ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मुखाच्या कर्करोगाने वारला. वय अवघे चोवीस. ऑक्टोबर २०१२ पासून त्याची चित्रफीत चित्रपटगृहांतून दाखविण्यात आली. आरंभी प्रेक्षक स्तब्ध होत. पुढे तेच शब्द लोक नकलेसाठी वापरू लागले. आम्हीही एकदा हसलो आहोत, हे कबूल केले पाहिजे. पण ते हसू निगरगट्टपणाचे नव्हते. जी भीती पुनःपुन्हा समोर येते आणि जिच्यातून वाट दिसत नाही, तिला माणूस एकतर हसतो, नाहीतर रुमालाने झाकतो.

ती वाट उशिरा का होईना दाखविली गेली. सप्टेंबर २०१८ पासून चित्राशेजारी व्यसनमुक्तीच्या मोफत साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक छापला जातो : १८००-११-२३५६. त्या साहाय्याचे एक केंद्र आमच्याच शहरातील निम्हान्स संस्थेत सुरू झाले. भीती दाखविणारे शासन प्रथमच ‘आता असे करा’ असे म्हणाले.

आमच्या स्नेह्यांस हा क्रमांक ठाऊक नव्हता. कसा असणार? तो रुमालाखालीच होता.