लेआउट कोणी पाडला?

नागपुरात नगररचनेच्या कचेरीत मी ट्रेसर होतो. ट्रेसिंग क्लॉथवर शाईची रेघ ओढायची, मग अमोनिया प्रिंट काढायची. तो वास कपड्यांतून जायचा नाही. 'लेआउट' हा शब्द मला कधी इंग्रजी वाटलाच नाही. माणसं टेबलाशी येऊन सांगायची, "साहेब, वावर विकलं, तिथं लेआउट पडला." आता मुलाकडे बंगळुरात राहतो, तर घराच्या पत्त्यातच हा शब्द: एचएसआर लेआउट.

इंग्रजीत 'ले आउट' हे आधी क्रियापद. मांडणं, पसरून ठेवणं. पैसे खर्चणं, ठोसा मारून एखाद्याला आडवं करणं, प्रेताला न्हाऊ घालून दफनासाठी तयार करणं, हे सगळे अर्थ त्याच्या पोटात आहेत. नाम म्हणून तो रुळला 19व्या शतकात, अमेरिकेत. तिकडे फॅरो नावाचा पत्त्यांचा जुगार चाले. एका रंगाची तेरा पानं चितारलेला पट टेबलावर पसरायचा आणि त्या पानांवर पैसे लावायचे. त्या पटालाही लेआउटच म्हणत. जमिनीचे व्यवहार जवळून पाहिलेल्या माणसाला हा अर्थ फार दूरचा वाटू नये!

बंगळुरात हा शब्द उशिरा आला. जुन्या शहरात पेठा होत्या: चिक्कपेटे, बळेपेटे. छावणीच्या बाजूला साहेबांच्या नावांची टाउनं, फ्रेझर टाउन, कॉक्स टाउन. 1892 मध्ये चामराजपेट आखलं गेलं. 1898 मध्ये प्लेग आला आणि दाट वस्तीतून माणसं बाहेर काढण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम वसवले. काटकोनात रस्ते, घरांच्या पाठीमागून सफाईसाठी अरुंद बोळ. नकाशा म्हणून आजही पाहावा असं काम आहे ते. त्यांना लेआउट नव्हे, 'एक्स्टेन्शन' म्हणत, कन्नडमध्ये बडावणे. पुढे 1945 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड आलं, 1976 च्या कायद्याने त्याची जागा बंगळूर विकास प्राधिकरणाने, म्हणजे बीडीएने घेतली, आणि कचेरीतल्या नकाशाचं नाव थेट वस्तीला चिकटलं. बडावणे मात्र आहे तिथेच आहे; एक्स्टेन्शनलाही तेच आणि लेआउटलाही तेच.

आमच्या नागपुरात इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट त्या बोर्डाच्याही आधीची, 1936 च्या कायद्याची. तरी आमचे लेआउट बहुतेक खासगी. पांडे लेआउट, डागा लेआउट. आडनाव वाचलं की कोणाचा तरी हात दिसतो. त्यातले कितीतरी परवानगीविना पडले. शेवटी 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा करून ते नियमित करायची सोय झाली. आजही तिकडे प्लॉट घेणारा आधी विचारतो, "आरएल आहे का?" म्हणजे नियमित झाल्याचं पत्र. बंगळुरातला माणूस प्लॉटला 'साइट' म्हणतो आणि विचारतो, "बीडीए की रेव्हेन्यू?" शेतजमिनीवर मंजुरीशिवाय पाडलेला तो रेव्हेन्यू लेआउट. मापही ओळखीचंच निघालं. इथली 'थर्टी फोर्टी', म्हणजे 1200 चौरस फूट, आपल्या 1089 फुटांच्या गुंठ्याहून थोडीशीच मोठी.

एचएसआर बीडीएचा. सात सेक्टर, मेन आणि क्रॉस रस्ते, सगळं आकड्यांत. नाव होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून, आणि ते रस्ते ज्या गावांना जातात ती दोन्ही इथून लांब. जवळच्या बीटीएमने निदान ब्यारसंद्र, तावरेकेरे आणि मडिवाळ ही आपली गावं आद्याक्षरांत तरी सांभाळली. एचएसआरच्या नावात ना आगर आहे, ना परंगीपाळ्य, ना सोमसुंदरपाळ्य. नावात नसली तरी जमिनीवरून ही गावं हललेली नाहीत. सरळ क्रॉसवरून चालत असावं आणि रस्ता अचानक वाकडा, निमुळता व्हावा, पुढे देऊळ दिसावं. समजायचं की जुन्या गावठाणात आलो. माझ्या ट्रेसरच्या डोळ्याला तीच रेघ खरी वाटते. पाण्याचंही तसंच: मडिवाळ तलावाचं आगर तलावात, तिथून बेळ्ळंदूरला. हा उतार कोणी आखलेला नाही.

या भागातल्या जमिनीच्या कागदांत बेगूर होबळीतलं, म्हणजे महसूल मंडळातलं, एक गाव येतं, वेंकोजीराव खाने. मराठी माणसाची नजर तिथे अडखळणारच. 1638 मध्ये बंगळूर विजापूरकरांनी घेतलं, पुढे ते शहाजीराजांची जहागीर झालं, आणि त्यांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी इथूनच तंजावरला गेले. पोस्टाच्या पत्त्यात या गावाचं नाव मी अजून पाहिलेलं नाही. खरेदीखत निघालं, सर्व्हे नंबर आला, की त्याच्या शेजारी ते लिहावं लागतं.