क्रमांक तेवीसचा अर्थ

डिसेंबर १९९८ मध्ये कॅनडातील बायोवेअर या कंपनीने तयार केलेला ‘बाल्डर्स गेट’ हा भूमिकाप्रधान संगणकीय खेळ प्रसिद्ध झाला. तो ज्या इंजिनावर चालत असे, त्याचे नाव इन्फिनिटी. पुढील चार वर्षांत ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’, ‘आइसविंड डेल’, ‘बाल्डर्स गेट २’ आणि २००२ मधील ‘आइसविंड डेल २’ हे खेळही त्याच इंजिनावर उभे राहिले. कथा, चित्रे आणि संवाद ही खेळाची सामग्री. तिला चालना देणारी आज्ञावली म्हणजे इंजिन. सामग्री तबकडीवरून प्रत्येक ग्राहकाच्या हाती पोहोचली. इंजिनाचा सोर्स कोड मात्र निर्मात्यांपाशीच राहिला.

या खेळांतील पात्रे कशी वागतील, हे स्क्रिप्टमध्ये लिहिलेले असे. स्क्रिप्टची घडण साधी होती: आधी अट, मग कृती. शत्रू दिसला तर हल्ला करावा. एखादा प्रसंग घडून गेला असेल तर अमुक ठिकाणी चालत जावे. इंजिन वरून खाली एकेक अट तपासत येई आणि पहिली खरी ठरलेली अट सापडली की तिच्यापुढील कृती सुरू करी. एका अटीपुढे अनेक पर्याय असले तर प्रत्येकाला ठरावीक भार दिलेला असे आणि त्या प्रमाणात एकाची यादृच्छिक निवड होई. त्यामुळे एकाच परिस्थितीत तेच पात्र दर वेळी तसेच वागेल याची खात्री नसे.

प्रत्यक्ष खेळात या आज्ञा शब्दरूपात नसत. त्यांचे क्रमांक झालेले असत: हल्ला म्हणजे ३, संवाद म्हणजे ८, ठरावीक बिंदूकडे जाणे म्हणजे २३. कोणत्या क्रमांकाचे नाव काय आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते, याचे तक्ते सुदैवाने सामग्रीतच होते. परंतु ‘जाणे’ म्हणजे नेमके काय, हे त्या तक्त्यांत नव्हते. पात्र पोहोचेपर्यंत पुढची आज्ञा थांबवायची का? वाट अडली तर काय करायचे? चालता चालता शत्रू समोर आला तर? या प्रश्नांची उत्तरे फक्त बंद इंजिनाच्या वर्तनात दडलेली होती.

ती शोधण्याचे काम जेमआरबी या मुक्तस्रोत प्रकल्पाने हाती घेतले. त्याच्या फाइलींच्या शिरोभागी २००३ हे वर्ष आढळते. इन्फिनिटी इंजिन नव्याने लिहायचे, म्हणजे मूळ खेळ ज्याच्याकडे आहे त्याला तो लिनक्ससह अन्य प्रणालींवरही खेळता येईल, हा त्याचा हेतू. नव्या इंजिनात प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र फलन लिहावे लागले. सगळ्या खेळांत क्रमांक सारखे नव्हते. म्हणून फलनांची सांगड क्रमांकांशी न घालता आज्ञांच्या नावांशी घालण्यात आली आणि क्रमांक त्या त्या खेळाच्या तक्त्यातून वाचले गेले. शिवाय आज्ञांवर खुणा कराव्या लागल्या. चल राशीला मूल्य देण्यासारखी आज्ञा क्षणात संपते. चालत जाण्याची आज्ञा पूर्ण होईपर्यंत पात्राच्या रांगेतील पुढच्या आज्ञांना अडवून धरते. ही खूण चुकली, तर पात्र दाराशी पोहोचण्यापूर्वीच बोलू लागते, किंवा कायमचे स्तब्ध उभे राहते.

आणखी एक बारकावा बोलका आहे. चल राशी कोणत्या कक्षेतली, हे सांगणारा शब्द आणि तिचे नाव मूळ स्क्रिप्टमध्ये एकमेकांना जोडून साठवले जात. मग कक्षा कोठे संपते हे कसे ओळखायचे? ‘ग्लोबल’ व ‘लोकल्स’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत सहा अक्षरी आहेत, आणि प्रदेशांची सांकेतिक नावेही तशीच. पहिली सहा अक्षरे कक्षेची, उरलेली नावाची.

ही रीत भारतीय वाचकाला अनोळखी वाटू नये. सांचीच्या कठड्यांवरील अनेक छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे जेम्स प्रिन्सेप यांच्या १८३७ मध्ये ध्यानात आले. हे लेख देणग्यांचे असावेत असा तर्क करून त्यांनी तो शब्द ‘दानं’ असा वाचला आणि ब्राह्मी लिपीचे दार उघडले. चिन्ह कोठे व कशासाठी वापरले आहे हे पाहून त्याचा अर्थ ठरवायचा, मग तो अन्य ठिकाणी लावून पडताळायचा: दोन्हीकडे पद्धत तीच. फरक इतकाच, की येथे मूळ इंजिन चालवून, एकच स्क्रिप्ट दोन्हीकडे देऊन, निकाल समोरासमोर ठेवता येतो. मात्र त्यात एक पेच आहे. मूळ इंजिनातील एखादा दोष खेळाच्या लेखकांनी गृहीत धरला असेल, तर तो सुधारल्याने कथाच मोडते. मग दोषही इमानाने उतरवावा लागतो.

या खटाटोपाचे मोल ‘आइसविंड डेल २’ ने दाखवून दिले. जुन्या खेळांच्या सुधारित आवृत्त्या काढणाऱ्या बीमडॉग कंपनीने या खेळाचा सोर्स कोड सापडत नसल्याचे जाहीरपणे सांगितले. ज्या वस्तूचा आराखडा हरवला, तिचे वर्तन तरी लिहून ठेवलेले असावे, हे काम जेमआरबीसारखे प्रकल्प करतात.

भारतीय कायद्यानेही अशा अभ्यासाला जागा ठेवली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ साली दुरुस्ती झाली. कायदेशीररीत्या मिळवलेली आज्ञावली वापरत असताना तिचे निरीक्षण, अभ्यास वा चाचणी करून तिच्यामागील कल्पना व तत्त्वे जाणून घेणे, हे त्यानुसार उल्लंघन ठरत नाही. भारतातील कार्यालये आणि प्रयोगशाळांतही बंद आज्ञावलींवर चालणारी जुनी यंत्रे असतात आणि त्यांचे निर्माते नेहमीच हयात राहतात असे नाही. अशा यंत्रातील एखाद्या ‘क्रमांक तेवीस’चा अर्थ ते चालू असतानाच तपासून लिहून ठेवता येतो, ते बंद पडल्यावर विचारायला कोणी उरत नाही.