विश्वास पानिपतात गेला

जबलपूरजवळच्या गढ्याला उभे राहून उत्तरेकडे पाहिले की दमोह, सागर आणि त्यापलीकडे बुंदेलखंड अशी वाट लागते. अठराव्या शतकात या वाटेवर मराठी घोडा पुष्कळ वेळा गेला-आला. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली, तीत गढामंडल्याचा राजा महाराजशहा मारला गेला आणि गोंडराज्याच्या मानेवर चौथाईचे जू बसले. पुढे १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी मंडला आणि जबलपूर हा सारा मुलूख ताब्यात घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे. जबलपुरातील मराठी वस्तीची जुनी मुळे या घडामोडींत आहेत. सागरचा हा मराठी कारभार ज्यांनी उभा केला, ते गोविंदपंत बुंदेले १७६० च्या डिसेंबरात, पानिपतच्या महिनाभर आधी, शत्रूची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असताना मारले गेले. पानिपतच्या शोकान्तिकेतील हा एक मोठा बळी बुंदेलखंडाच्या कारभाऱ्याचा होता. त्या शोकान्तिकेचे जे चमत्कारिक उपाख्यान पुढे पंधरा वर्षे चालले, त्याचा नायकही बुंदेलखंडातूनच निघाला.

१४ जानेवारी १७६१ रोजी दुपारनंतर सदाशिवरावभाऊ कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. इथपर्यंत बहुतेक साधने एकमुखाने बोलतात. त्यानंतर त्यांचे मार्ग फुटतात. बखरकारांचा कल भाऊंचा अंत धूसर ठेवण्याकडे आहे. आपल्या नायकाचे प्रेत डोळ्यांपुढे आणणे बखरीच्या मनोधर्माला मानवत नाही. याउलट काशीराज पंडित. हा जन्माने दक्षिणी ब्राह्मण, चाकरी शुजाउद्दौल्याची, म्हणजे शत्रूच्या गोटातली. त्याने १७८० मध्ये फार्सीत लिहिलेला वृत्तान्त शवपरीक्षेच्या अहवालासारखा कोरडा आहे. प्रेतांच्या ढिगाखाली एक शिरविरहित देह सापडला. भाऊंना जवळून ओळखणाऱ्या वकिलांना बोलावून तो दाखवण्यात आला. त्यांनी तीन खुणा पटवल्या: मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफरखानाने केलेल्या कट्यारीच्या वाराचा व्रण, आणि तळपायावरील पद्ममत्स्याची शुभ रेषा. नित्याच्या सूर्यनमस्कारांनी गुडघ्यांना आणि हातांना पडलेले घट्टेही त्यांनी पाहिले. शिर नंतर एका दुराणी स्वाराकडे मिळाले आणि त्यालाही अग्नी देण्यात आला.

या तीन खुणांपाशी थोडे थांबले पाहिजे. डाग जन्माचा, रेषा दैवाची आणि व्रण इतिहासाचा. मुजफरखानाचा वार १७५९ चा, पुण्यातला; म्हणजे अवघ्या सव्वा वर्षापूर्वीचा. युद्धावरून परतणाऱ्याची ओळख व्रणावरून पटवणे ही साहित्यातील फार जुनी युक्ती आहे. होमरचा ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो, तेव्हा म्हातारी दाई पाय धुताना त्याच्या मांडीवरच्या डुकराच्या सुळ्याच्या खुणेवरून त्याला ओळखते. तेथे व्रण जिवंत माणसाला घरात परत घेतो. पानिपतावर त्याच प्रकारच्या खुणेने मेलेल्या माणसाला निरोप दिला. पण हा निरोप पुण्यापर्यंत पोहोचला तो ऐकीव स्वरूपात. ज्यांनी प्रेत ओळखले ते परक्याच्या छावणीत होते, आणि ज्यांनी ओळखायला हवे होते ते हजार मैलांवर.

पुण्याच्या बाजूने पाहिले तर चित्र असे दिसते. नानासाहेबांना पराभवाची पहिली वार्ता वाटेत भिलशाजवळ मिळाली, तीही एका सावकारी पत्रातल्या सांकेतिक भाषेत: मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबात माणसे मोजलेली. त्याच वर्षी २३ जूनला ते पर्वतीवर वारले. देशावरील घराघरांत कोणीतरी गेला होता आणि परत आला नव्हता. मेला म्हणावे तर पाहणारा नाही, जिवंत म्हणावे तर येणारा नाही. ‘विश्वास पानिपतात गेला’ ही म्हण याच काळाने मराठीला दिली. पेशव्यांच्या मुलाच्या नावावरील हा श्लेष गमतीचा वाटतो, पण त्यातली वेदना हिशेबी आहे: जो गेला तो एक तरुण होता आणि त्याच्याबरोबर माणसामाणसांतले काहीतरी गेले.

धर्मशास्त्राने अशा बेपत्ता माणसांचा विचार केलेला होता. बारा वर्षे वाट पाहावी, नंतर पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, आणि मग श्राद्ध सुरू करावे. याहून विलक्षण आहे तो पुढचा नियम. अशा रीतीने ‘मेलेला’ माणूस जर परत आला, तर त्याला तुपाच्या कुंभात बुडवून बाहेर काढावे, जातकर्मापासूनचे सारे संस्कार पुन्हा करावेत आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा विधी नमूद आहे. युद्धावरून आलेला माणूस तोच राहत नाही, त्याला पुन्हा जन्मावे लागते, हे आधुनिक कादंबरीकारांना फार उशिरा सुचले. शास्त्रकारांनी ते तुपाच्या घागरीत घालून ठेवले होते.

पार्वतीबाईंनी मात्र बारा वर्षांचा हिशेब मानला नाही. भाऊसाहेबांच्या या पत्नी स्वतः पानिपतावर होत्या. जानू भिंताडा नावाच्या सेवकाने त्यांना रणातून सोडवून आणले असे परंपरा सांगते. पतीचे प्रेत पाहिले नाही, म्हणून वैधव्य घेणार नाही, ही त्यांची भूमिका. तिला घरात कोणी उघड विरोध केला नाही. या मौनाचा अर्थ राजकीयही होता: भाऊसाहेब गेले असे सरकार व्यवहारात धरून चालले होते, आणि सरकारच्याच वाड्यात त्यांची पत्नी कुंकू लावून वावरत होती. या फटीतून एक माणूस आत शिरला.

तो सुखनिधान (कोठे सुखलाल) नावाचा बुंदेलखंडातील कनोजा ब्राह्मण. चेहऱ्यामोहऱ्याने भाऊंसारखा. ‘मीच सदाशिवराव’ असे सांगत त्याने उत्तरेत माणसे जमवली. नरवरच्या बाजूस पेशव्यांच्या अंमलदाराने त्याला पकडून पुण्यास पाठविले. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि त्याला एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर असे कैदेत फिरवण्यात आले. येथे एक प्रश्न उभा राहतो. माधवरावांसारख्या कडक राज्यकर्त्याने त्याला मारले का नाही? ब्रह्महत्येचे भय हे एक उत्तर आहे. पण चुलतीच्या कपाळावरचे कुंकू हेही एक उत्तर असू शकते. तोतयाला देहान्त देणे म्हणजे भाऊंच्या मृत्यूवर जाहीर शिक्कामोर्तब करणे. ते त्यांनी टाळले असावे, असा तर्क करायला जागा आहे.

माधवराव १७७२ मध्ये वारले, नारायणरावांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला, आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७६ च्या आरंभी तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात होता. तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला सोडले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे केले. कोकणातील किल्ले एकामागून एक त्याच्या हाती आले. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्याभोवती वीस हजारांचा जमाव झाला. बोरघाट चढून त्याची माणसे राजमाचीपर्यंत आली, म्हणजे पुण्याच्या उंबरठ्यावरच.

वीस हजार माणसे एकाच वेळी फसतात कशी, हा प्रश्न इतिहासकार सहसा अज्ञानाच्या नावावर खपवून मोकळे होतात. ते पुरेसे नाही. त्यांतल्या कित्येकांना खऱ्या भाऊंशी कर्तव्य नव्हते. त्यांना पुण्याच्या कारभाऱ्यांचे राज्य नको होते, आणि त्यासाठी एक नाव हवे होते. पण केवळ सोयीसाठी इतकी माणसे जीव धोक्यात घालत नाहीत. ज्याच्या घरचा माणूस पंधरा वर्षांत आला नाही, त्याला भाऊ परत येऊ शकतात हे खरे असणे गरजेचे होते. भाऊ आले तर आपलाही येईल. जनकोजी शिंद्यांचाही तोतया निघाला, यावरून हेच दिसते. जनकोजी कैदेत गुपचूप मारले गेले होते; त्यांचेही प्रेत आप्तांनी पाहिले नव्हते.

ही केवळ मराठ्यांची भोळसट समजूत नव्हे. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्त्यांव १५७८ मध्ये मोरोक्कोतील रणांगणावर नाहीसा झाला, दोन वर्षांत देश स्पेनच्या अमलाखाली गेला, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत चार ‘सेबास्त्यांव’ उभे राहिले. तोतयाच्या बंडाच्या जेमतेम वर्षभर आधी, १७७५ च्या जानेवारीत, पुगाचेव्ह नावाच्या कोसॅकाला मॉस्कोत शिरच्छेदाची शिक्षा झाली. तो स्वतःला मृत झार तिसरा पीटर म्हणवीत होता. पुणे आणि मॉस्को यांना परस्परांची वार्ता नव्हती. राज्य खिळखिळे झाले आणि मृत्यूचा साक्षीदार नसला की दोन्हीकडे एकच पीक येते.

घरगुती पातळीवरचा तसाच खटला फ्रान्समधला. मार्तँ गेर हा शेतकरी १५४८ मध्ये घर सोडून गेला. आठ वर्षांनी कोणी दुसराच त्याच्या नावाने आला, आणि त्याची पत्नी बर्त्राँद हिच्याबरोबर तीन वर्षे नांदला. साक्षीला आलेल्या चांभाराने सांगितले की पूर्वीच्या मार्तँचा पाय याच्याहून मोठा होता. तरीही न्यायाधीश त्याला निर्दोष सोडण्याच्या बेतात असताना, १५६० मध्ये, खरा मार्तँ लढाईत पाय गमावून, लाकडी पायावर चालत न्यायालयात आला. नताली झेमन डेव्हिस यांच्या १९८३ च्या ग्रंथाने या प्रकरणातील पत्नीच्या भूमिकेकडे लक्ष वेधले: तिने ओळखले नाही की ओळखूनही स्वीकारले? पार्वतीबाईंची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्या नवरा जिवंत आहे असे मानत होत्या आणि तरीही या माणसाला त्यांनी नवरा म्हटले नाही. तोतयाला त्यांच्या श्रद्धेचा उपयोग होता, पण ती श्रद्धा त्याच्यापेक्षा अधिक चोखंदळ निघाली. तिचा पुरता विचार आपल्या इतिहासलेखनाने केलेला नाही.

पुण्याच्या बाजूने हा डाव मोडला तो नाना फडणविसांनी आणि महादजी शिंद्यांनी. हे दोघेही पानिपतावरून परतलेले. नाना तेव्हा अठरा वर्षांचे. त्यांच्या आत्मचरित्रात पलायनाची हकिगत आहे: अंगावरची वस्त्रे टाकून, वेष पालटून, गवतात लपून वाचलेला एक घाबरा तरुण, ज्याची आई त्या धामधुमीत गेली. महादजी पायाला झालेली जखम घेऊन आले. राणेखान भिस्त्याने त्यांना वाचवले ही हकिगत प्रसिद्ध आहे, आणि ते लंगडेपण जन्मभर राहिले. नानांना आपण कोण हे सिद्ध करावे लागले नाही, कारण ओळखणारे भेटले. महादजींचा पाय हीच त्यांची साक्ष. रणातून परत येणे म्हणजे काय असते हे जाणणारी ही माणसे, परतल्याचे सोंग करणाऱ्यावर चालून गेली. त्यांच्या कठोरपणात राजकारण होतेच. पण जे आपल्या डोळ्यांदेखत गेले, त्यांचे नाव कोणी बाजारात विकावे याची चीडही नसेल असे म्हणवत नाही.

नानांची अडचण आणखी एका बाजूने बिकट होती. ज्या बालपेशव्याच्या नावाने ते राज्य करीत होते, त्या सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा, पित्याच्या मृत्यूनंतरचा. ते मूल नारायणरावांचे नव्हेच, अशी कुजबूज राघोबांच्या पक्षाने सुरू ठेवली होती. गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेले तेव्हा सोबतीला पार्वतीबाई होत्या. म्हणजे एका बाजूला ज्या बाईच्या उपस्थितीने मुलाच्या खरेपणाला आधार मिळत होता, दुसऱ्या बाजूला तिच्याच कुंकवाने तोतयाला आधार मिळत होता. एकाच स्त्रीची साक्ष अर्धी घ्यायची आणि अर्धी सोडायची, हे कारभाऱ्यांना करावे लागले.

महादजी आणि भिवराव पानसे यांनी तोतयाच्या फौजेचा मोड केला. तो गलबतात बसून मुंबईकडे निघाला. इंग्रजांच्या हाती तो पडता तर पुढे काय झाले असते, सांगता येत नाही. राघोबा त्यांच्या हाती आधीच होते. रघोजी आंग्र्यांनी त्याला कुलाब्याच्या किनाऱ्यावर पकडले आणि पुण्यास रवाना केले. पुन्हा चौकशी झाली. भाऊंना ओळखणारी माणसे पुढे आली, आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहान्त शासन झाले.

न. चिं. केळकरांनी १९१३ मध्ये या विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, आणि रंगभूमीमुळे हा शब्दप्रयोग घरोघर गेला. आज वर्तमानपत्रे कोणत्याही खोट्या अधिकाऱ्याला सहज ‘तोतया’ म्हणतात. त्र्यं. शं. शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ने युद्धाची कारणमीमांसा केली, विश्वास पाटलांच्या १९८८ च्या कादंबरीने भाऊंना वाचकांच्या मनात पुन्हा उभे केले. या दोन्हींचे लक्ष रणावर आहे. रणानंतरची पंधरा वर्षे मात्र मराठी गद्यात अजून बरीचशी मोकळी पडली आहेत. कैदेतल्या त्या कनोजा ब्राह्मणाला दुसऱ्याचे नाव इतकी वर्षे धरून ठेवण्याचे बळ कोठून आले, याचा शोध घेणारा लेखक मिळायचा आहे. किल्ल्यामागून किल्ले फिरताना एखाद्या रात्री त्याला स्वतःलाच ते नाव खरे वाटले असेल काय?

तोतया गेल्यानंतरही पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. शेवटपर्यंत त्या स्वतःला विधवा म्हणाल्या नाहीत.