गोमंतकाची लोहमाती

घरांतील विळी, तवा, सांडशी, दाराची कडी किंवा भिंतींतील खिळा पाहून कोणास डोंगराची आठवण होत नाहीं. लोखंडावांचून संसाराचा गाडा एक दिवसही चालावयाचा नाहीं. परंतु ज्या भूमीनें तें दिलें तिच्या पदरांत काय पडलें, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. गोमंतकाच्या बाबतींत तो मांडण्याजोगा आहे. कारण तेथील बहुतेक खनिज उण्यापुऱ्या एका माणसाच्या आयुष्याएवढ्या अवधींत उपसलें गेलें.

गोव्यांतील खाणींचे परवाने पोर्तुगीज सरकारच्या २० सप्टेंबर १९०६ च्या फर्मानान्वयें दिले जात. एकदां मिळालेला परवाना कायमचा, जवळजवळ वतनासारखाच. दुसरें महायुद्ध संपलें, जपानांत पोलादाच्या भट्ट्या पुन्हां पेटल्या, आणि डिचोली, सत्तरी, सांगें व केपें येथील तांबड्या टेकड्यांस एकाएकीं मोल आलें. खनिज तसें हलक्या प्रतीचें. परंतु खाणीपासून ट्रकानें थोडें अंतर तोडलें कीं मांडवी नाहींतर जुवारी गांठतां येई, आणि बार्ज नांवाच्या सपाट तळाच्या नावा तें अल्प खर्चांत मुरगांव बंदरास पोंचवीत. १९५५ सालीं भारतानें गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हां पोर्तुगीज राजवटीस तग धरण्यास या मातीचा मोठा हातभार लागला. सत्याग्रही जिच्या गोळ्या छातीवर झेलीत होते तिचा खर्च गोव्याचेच डोंगर भागवीत होते! १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. खाणींचे परवाने मात्र तसेच चालू राहिले आणि १९८७ च्या कायद्यानें त्यांस खाणपट्ट्यांचें रूप मिळालें.

गोव्यांतील डोंगर हा केवळ दगडामातीचा ढीग नव्हे. तो पाण्याचें कोठार आहे. वरचा जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें पाणी त्यांतून झिरपतें आणि खालच्या भुसभुशीत लोहमातींत सांठून राहतें. भर उन्हाळ्यांत पायथ्याचे झरे वाहतात व त्यांवर माड-पोफळीचीं कुळागरें हिरवीं राहतात, तें या सांठ्याच्या जोरावर. खाण खोदणारास हवें असलेलें खनिज आणि गांवकऱ्यास हवें असलेलें पाणी अशा रीतीनें एकाच थरांत नांदत असतें. खाण भूजलाच्या पातळीखालीं उतरली कीं पंप लावून तें पाणी सारखें उपसावें लागतें, आणि आसपासच्या विहिरी तळ दाखवूं लागतात. लईराईच्या जत्रेमुळें सर्वांस ठाऊक असलेल्या शिरगांवांत नेमकें हेंच घडलें. शिवाय एक टन खनिज काढावयाचें तर दोन-तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते. तिचे ढीग पावसाळ्यांत ढासळतात आणि गाळ शेतांत उतरतो. पिसुर्लें गांवच्या भातशेतीची या गाळानें जी दैना झाली, तिचा आंकडा निर्यातीच्या वह्यांत सांपडावयाचा नाहीं.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं चीनची मागणी वाढली आणि सारें प्रमाण सुटलें. २०१०-११ सालीं निर्यात पांच कोटी टनांच्या घरांत गेली. शेतें सोडून तरुणांनीं कर्ज काढून ट्रक घेतले. हें त्यांचें चुकलें असें म्हणणें सोपें आहे, पण गाळ भरलेल्या शेताच्या धन्यास दुसरा मार्ग कोणता होता? शहा आयोगाचा अहवाल बाहेर आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्यें राज्य सरकारनें व पाठोपाठ ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें खाणी थांबविल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालांत न्यायालयानें, खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजींच संपली होती, असें ठरविलें. म्हणजे त्यापुढील खोदकाम बेकायदेशीर होतें. वार्षिक उत्पादनावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली गेली. तरीही ट्रकांची धूळ सरली नाहीं. २०१७ सालीं सत्तरींतील सोनशीच्या ग्रामस्थांनीं ती असह्य होऊन वाट अडविली आणि त्यांपैकीं चाळिसांहून अधिक जणांस तुरुंगांत जावें लागलें. पुढें फेब्रुवारी २०१८ मध्यें ८८ खाणपट्ट्यांचें नूतनीकरण रद्द झालें. ट्रक दारांत उभे राहिले, बार्ज नदीकांठीं गंजूं लागले आणि बँकांचे हप्ते मात्र थांबले नाहींत.

२०२२ च्या अखेरीस नव्यानें लिलाव सुरू झाले व २०२४ मध्यें डिचोलीची खाण पुन्हां चालू झाली. मधल्या बंदीच्या वर्षांत ओसाड खड्ड्यांत पावसाचें पाणी सांचून मोठमोठीं तळीं झालीं होतीं. उन्हाळ्यांत नदी आटूं लागली कीं त्या तळ्यांतील पाणी पंपांनीं उपसून खांडेपार नदींत सोडण्यांत येई, आणि तेथून ओपाच्या केंद्रांतून तें फोंडें व पणजीकरांच्या नळांस पोंचे.