'विकार' आणि विवेक : विद्यार्थी आगरकर

मराठीच्या वर्गात 'विकारविलसित' हे नाव फळ्यावर लिहिले की कोणीतरी हमखास विचारते, "हे वैद्यकाचे पुस्तक का?" वर्ग हसतो, पूर्वी आम्हीही हसत असू. पुढे लक्षात आले, की प्रश्न भाबडा असला तरी अस्थानी नाही. आज 'मनोविकार' म्हटले की आजार आठवतो. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित मराठी माणूस राग, लोभ, प्रेम, शोक या साऱ्यांनाच मनोविकार म्हणे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'च्या भाषांतराला हे नाव दिले, त्याचा अर्थ भावनांचा खेळ असा होतो. मात्र 'विकार' या शब्दात बिघाडाची छटा तेव्हाही होतीच.

आगरकर (१८५६-१८९५) पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८७८ मध्ये बी. ए. झाले आणि एम. ए.साठी इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांकडे वळले. मिल व स्पेन्सर यांच्या विचारांचा ठसा त्यांच्यावर कायमचा उमटला. कृतीचे बरेवाईटपण रूढीवरून वा ईश्वराज्ञेवरून न ठरवता तिच्यातून निपजणाऱ्या सुखदुःखावरून ठरवावे, असे मिलचे नीतिशास्त्र सांगत होते. शास्त्राधाराखेरीज बोलायचे नाही अशा समाजातून आलेल्या तरुणाला हा केवढा मोकळा वारा वाटला असेल!

परंतु खुद्द मिलची कहाणी या हिशेबात पुरती बसत नाही. लहानपणापासून तर्कावर पोसलेला हा मुलगा १८२६ मध्ये, विशीत, एकाएकी खचला. पृथक्करणाच्या सवयीने आपल्या भावना झिजून गेल्या, असे त्याला वाटू लागले; पुढे वर्ड्‌स्वर्थच्या कवितेने त्याला सावरले. १८७३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, निघालेल्या आत्मचरित्रात त्याने हे सारे लपवून न ठेवता नोंदवले आहे.

आगरकरांवर तसा प्रसंग आला नाही. गणिती विवेकापलीकडची ऊब मात्र त्यांच्यापाशी होती. एम. ए.चा अभ्यास चालू असतानाच त्यांनी आईला पत्र लिहिले : मुलगा मोठ्या पगाराचा होईल ही आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे. दारिद्र्यात शिकलेल्या मुलाने दारिद्र्यात वाढवणाऱ्या आईला हे लिहावे! नीतिशास्त्राने त्यांना काटा दिला असेल. पारड्यात आईची आशा ठेवताना हात थरथरला नसेल, असे आम्हांला वाटत नाही.

१८८८ मध्ये निघालेल्या 'सुधारका'त विधवांच्या केशवपनाविषयी किंवा बालविवाहाविषयी ते लिहितात, तेव्हा युक्तिवाद काटेकोर असतो. पण त्या युक्तिवादाला चालना मिळते ती संतापातून आणि करुणेतून. सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी त्यांची लेखणी थांबली नाही. अशी चिकाटी निव्वळ अनुमानातून येत नाही.

आम्ही मात्र वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत 'बुद्धिप्रामाण्यवादी विचारवंत' एवढ्या शब्दांवर गुण देत आलो. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती विवेक आला, पण त्यामागची धग निसटली. शिवाय नीती हा परीक्षेचा विषय आणि भावना ही खासगी बाब, अशी वाटणी आम्हीच नकळत शिकवली. आता वर्गात तो प्रश्न आला की आम्ही हसत नाही. आधी आईला लिहिलेल्या त्या पत्राची हकिगत सांगतो, आणि मग 'विकार' या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांनाच विचारतो.