नाइलचा जुना रहिवासी

ज्या प्राण्याचा घोड्याशीं कांहींएक संबंध नाहीं, त्याला ग्रीकांनीं ‘नदीचा घोडा’ असें नांव दिलें आणि आपणहि त्याला पाणघोडा म्हणून मोकळे झालों. इसवी सनापूर्वी पांचव्या शतकांत हिरोडोटस या इतिहासकारानें त्याचें जें वर्णन लिहून ठेविलें, त्यांत या प्राण्याला घोड्याची आयाळ, घोड्याचें शेपूट व बैलासारखे दुभंगलेले खूर आहेत. वास्तविक त्याला आयाळ नाहीं, आणि त्याच्या प्रत्येक पायाला चार बोटें असतात. कातडें अत्यंत जाड असतें, एवढें मात्र हिरोडोटसनें बरोबर सांगितलें.

त्याच्या किती तरी आधीं इजिप्तच्या शेतकऱ्यांना हा शेजारी चांगला ठाऊक होता. कारण प्रश्न त्यांच्या पोटाचा होता. पाणघोडा दिवसां पाण्यांत पडून राहतो व अंधार पडला कीं काठावर चरावयास निघतो. पूर्ण वाढलेलें जनावर एका रात्रींत सुमारें ४० किलो गवत खातें. असा कळप उभ्या पिकांत शिरल्यावर सकाळीं शेतांत काय उरत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी! उलट, याच प्राण्याची मादी पिलाच्या रक्षणासाठीं कोणावरहि तुटून पडते, हेंहि त्या लोकांनीं पाहिलें होतें. म्हणून बाळंतिणींची रक्षण करणारी तावेरेत ही त्यांची देवता पाणघोडीच्या रूपाची झाली, आणि एडफूच्या देवळाच्या भिंतींवर होरस देव ज्या पाणघोड्याला भाल्यानें भोसकतो, तो दुष्ट सेत ठरला. एकाच प्राण्याची पूजा व तिरस्कार दोन्ही करण्यांत विसंगति दिसते खरी, परंतु दोहोंच्या मुळाशीं अनुभव आहे.

रोममध्यें इ. स. पूर्वी ५८ सालीं स्कॉरस नांवाच्या अधिकाऱ्यानें पांच सुसरींबरोबर एक पाणघोडा लोकांना दाखविला. पुढें प्लिनीनें अशी हकीकत लिहिली कीं, अति खाऊन सुस्तावलेला पाणघोडा तीक्ष्ण बोरूवर आपली शीर टोंचून घेतो व रक्त काढून टाकतो, आणि वैद्य शीर तोडण्याची विद्या त्याच्यापासूनच शिकले. या कथेस हंसूं येतें. तथापि तिच्या मुळाशीं डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट असावी. पाणघोड्याच्या कातडींतून तांबूस, चिकट द्रव पाझरतो. तो रक्त नव्हे. २००४ सालीं जपानी संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, त्यांतील तांबडीं व नारिंगी रंगद्रव्यें कडक उन्हापासून त्वचेचें रक्षण करितात व जंतूंची वाढहि रोखतात.

इ. स. १६०० मध्यें झेरेंगी नांवाच्या इटालियन शस्त्रवैद्याला दमिएट्टाजवळ, म्हणजे नाइलच्या मुखाशीं, दोन पाणघोडे मारतां आले. शेती व बंदूक यांच्यापुढें हा प्राणी मागें हटत गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो इजिप्तमधून नाहींसा झाला. म्हणून लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठीं पाणघोडा हवा झाला, तेव्हां १८४९ मध्यें त्याचें पिलू दूर दक्षिणेस, पांढऱ्या नाइलमधील ओबेश बेटावर धरावें लागलें. अब्बास पाशानें इंग्रज वकील मरे यांस हें पिलू देऊन मोबदल्यांत शिकारी कुत्रे घेतले! २५ मे १८५० रोजीं ‘ओबेश’ लंडनला पोंचला, आणि त्याच्या दर्शनास दिवसाला दहा दहा हजार माणसें लोटूं लागलीं. १८७८ त तो मेला. हौदाकाठीं लोळणाऱ्या त्या जनावरावरून लोकांनीं पाणघोडा म्हणजे मूर्तिमंत आळस असा समज करून घेतला.

हा समज जंगलांतील निरीक्षणानें खोडून काढला. नर जमिनीवर नव्हे, तर नदीच्या एका टापूवर राज्य करितो. शेपटीनें शेण उडवून तो आपला हक्क सांगतो, आणि ज्याला आपण जांभई समजतों ती बहुधा धमकी असते. मादी आठ महिन्यांनीं, बहुधा पाण्यांतच, एका पिलास जन्म देते, व तें पाण्याखालींच दूध पितें. आश्चर्य असें कीं, या जलचराला नीट पोहतां येत नाहीं. तो तळावरून चालतो व सुमारें पांच मिनिटांनीं श्वासासाठीं वर येतो. त्याचा सर्वांत जवळचा आप्त घोडा नसून देवमासा आहे, हें गेल्या शतकाच्या अखेरीस ठरलें. त्याच्या शेणावाटे काठावरील गवताचें सत्त्व नदीला मिळतें व त्यावर जलसृष्टि पोसते. मात्र पाणी आटलें तर तेंच शेण कुजून प्राणवायू संपतो व मासे मरतात.

ही कथा आपणांस अगदींच परकी नाहीं. १८३६ मध्यें फाल्कनर व कॉटले यांनीं शिवालिक टेंकड्यांत सांपडलेल्या पाणघोड्याच्या अवशेषांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि नर्मदेच्या खोऱ्यांतहि त्याचीं अस्थिशेषें मिळालीं आहेत. आपल्या नद्यांतून तो हजारों वर्षांपूर्वींच गेला. आफ्रिकेंत मात्र हें आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. कांगोमधील विरुंगा उद्यानांत १९७५ च्या सुमारास जवळजवळ २९,००० पाणघोडे होते. युद्ध, मांस व दांत यांपायीं २००५ च्या सुमारास ते हजाराहूनहि कमी उरले.

प्राचीन इजिप्तचे लोक थडग्यांत निळ्या रंगाचे छोटे पाणघोडे ठेवीत, आणि त्यांनीं मृताला इजा करूं नये म्हणून कधीं कधीं त्यांचे पाय मोडून टाकीत. न्यूयॉर्कच्या संग्रहालयांतील अशाच एका पाणघोड्याचे तीन पाय आतां पुन्हां घडवून बसविले आहेत. इजिप्तच्या नाइलला मात्र तिचा जुना रहिवासी अद्याप कोणी परत दिलेला नाहीं.