डोंगरावरचा सी ड्राइव्ह

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची देखभाल थांबवली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १ ऑगस्टला, ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि जव्हार, मोखाडा हे डोंगराळ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. जव्हारला पत्ता बदलण्याची सवय आहे. १९४८ पर्यंत ते मुकणे राजघराण्याचं संस्थान होतं. पण एक्सपीवर चालणाऱ्या यंत्रांची गोष्ट निराळी होती. कंपनीच्या हिशेबी ती निवृत्त झाली, वापरणाऱ्याच्या हिशेबी सकाळी बटण दाबलं की सुरू होत होती.

या भागात संगणक पोचला तो टप्प्याटप्प्याने. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीला लागू लागलं, तसे तालुक्याच्या गावांत क्लास निघाले. २०११ च्या सुमारास ‘संग्राम’ योजनेतून ग्रामपंचायतींत संगणक आणि प्रिंटर आले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची लाट उठली. त्यात लोकवर्गणी होती आणि शहरातल्या कुणीतरी वापरून झालेले लॅपटॉपही. लॅपटॉप जीपच्या मागच्या सीटवर बसून घाट चढतो. अपडेटला मात्र नेटवर्क लागतं, आणि तेवढा वेळ टिकणारी लाइटही.

एक्सपीच्या काळात ‘विंडोज टाकून देणारा’ हा बाजारपेठेतला वजनदार माणूस. तो हार्डडिस्कची हमखास वाटणी करायचा: सीमध्ये विंडोज, डीमध्ये कामाच्या फायली, ईमध्ये गाणी आणि सिनेमे. व्हायरस शिरला की फक्त सीला फॉरमॅट मारायचा, बाकीचं शाबूत. एक्सपीला दीड जीबी जागा पुरत असे, तेव्हा सीला वीस-तीस जीबी देणं म्हणजे चैनच. वाटणी शहाणपणाची होती, यात शंका नाही. पण पुढे विंडोज ७ ने १६ ते २० जीबी मागितले, आणि विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीने नव्या यंत्रांसाठी ३२ जीबींची अट घालून वर अपडेटसाठी म्हणून सुमारे ७ जीबी अडवून ठेवायला सुरुवात केली. ई ड्राइव्ह अर्धा मोकळा आणि सी लाल पट्टीत, असा जुना लॅपटॉप महाराष्ट्रात कुठेही सापडेल. अपडेट उतरतं, जागा नाही म्हणून परत फिरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरतं. अनेकदा दोषी असतं ते ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर. मागची अख्खी आवृत्ती त्यात पडून असते, आणि ते लगेच काढायचं तर डिस्क क्लीनअपमधून काढावं लागतं. हाताने डिलीट करायला गेलं की परवानगी नाही म्हणून यंत्र अडून बसतं.

व्हायरसचा इतिहास याहून मजेशीर आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका गंभीर त्रुटीवर दुरुस्ती काढली. पुढच्याच महिन्यात ‘कॉन्फिकर’ त्याच त्रुटीतून जगभर पसरू लागला आणि लवकरच पेनड्राइव्हवरूनही फिरू लागला. पेनड्राइव्ह लावताच आपोआप काहीतरी सुरू होण्याची सोय एक्सपीतून आवरती घेणारं अपडेट फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वांसाठी आलं. म्हणजे रोगाला वाहन म्हणून एक पेनड्राइव्ह पुरत होता, लस मात्र सहसा इंटरनेटनेच मिळायची. जिथे लाइन नव्हती तिथे ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ वर्षानुवर्षं सुखाने नांदला.

नेटशिवाय दुरुस्तीचा हा पेच आधीच ओळखून बांधलेला एक लॅपटॉप महाराष्ट्राने पाहिला होता. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाची हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रं आली. एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टी यांची ही कल्पना केंद्र सरकारने २००६ मध्ये नाकारली होती, तरी खैरातला प्रयोग झाला. एक्सओत फिरणारी हार्डडिस्कच नव्हती, पंखाही नव्हता. २५६ एमबी रॅम आणि १ जीबी फ्लॅश, बस्स. धूळ आणि धक्के सोसायला हे उत्तम. पण मुलांनी काढलेला प्रत्येक फोटो त्या एका जीबीत साठायचा, आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांत जागा काठोकाठ भरली की यंत्र सुरूच होत नसे. उपाय होता: नवी प्रणाली यूएसबीवर घ्यायची, पडद्याशेजारची खेळाची चारही बटणं दाबून धरायची आणि चालू करायचं. नेट लागत नसे. फक्त मुलांचं सगळं काम पुसलं जाई.

पालघरमध्ये नेटची बाजू धरली आयआयटी मुंबईने. प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने घाटाखाली खामलोली आणि आसपासच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवून पाहिलं. ‘ग्राममार्ग’ नावाच्या या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणं अंगवळणी पडलं. विंडोज १० ला मात्र हॉटस्पॉट आणि शहरातलं वायफाय सारखंच. ‘मीटर्ड’ अशी खूण केली नाही तर तीन-चार जीबींचं अपडेट दिवसाच्या एक-दीड जीबी डेटावर गुपचूप डल्ला मारायचं. अर्ध्यावर लाइट गेली आणि बॅटरी आधीच मेलेली असली, तर पुढे तासभर ‘बदल मागे घेत आहोत’ एवढंच दिसत राहतं.

जुन्या लॅपटॉपच्या रखडण्याला दरवेळी अपडेटच कारण नसतं. टकटक आवाज, फाइल उघडताना गोठणारा पडदा, वाढत जाणारे खराब सेक्टर: ही डिस्क जायला निघाल्याची लक्षणं. अशा वेळी बरेच जण आधी चेकडिस्क चालवतात, आणि तिथेच चुकतात. मरणासन्न डिस्कला तासन्‌तास घासण्याआधी डी आणि ईमधल्या फायली बाहेर काढायला हव्यात. नंतर अडीच इंची एसएसडी बसवली की दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही उठून बसतो.

तरी प्रश्न उरतोच. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, जी या यंत्रांत सहसा नसते. उबुंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवरून टाकता येतं, मराठीही चालतं. अडतं ते पंचायतीच्या कामाला लागणाऱ्या डिजिटल सहीच्या टोकनवर. त्याचे ड्रायव्हर विंडोजवर सहज बसतात, लिनक्सवर खटपट करावी लागते. त्यामुळे शाळेतला लॅपटॉप लिनक्सवर नेणं सोपं, पंचायतीतला मात्र विंडोजवरच ठेवावा लागतो.